नळी आतून बघायची

आश्विन लागून भात पिवळं पडायला लागलं, की लोकांना म्हणे झेंडूचा वास येतो, नव्या तांदळाच्या पेजेचा येतो. मला सडक्या अंड्याचा वास येतो. ठासणीची बंदूक उडवल्यावर तिच्या नळीत कढत पाणी ओतलं, की जे काळंकुट्ट पाणी बाहेर पडतं त्याचा तो वास. जेवायला बसलेला माणूस ताट सरकवून उठेल असा. आमच्या घरी हंगामभर तो न्हाणीत मुक्कामाला असायचा आणि लहानपणी मला त्याची इतकी शिसारी यायची, की मी एका हाताने नाक धरून एका हाताने अंगावर पाणी घ्यायची. आता ती शिसारी दुसरीकडे गेली आहे. हल्ली आमच्या न्हाणीत तो वास येत नाही, याचीच मला किळस येते.

आमचं घर मसुऱ्याच्या अलीकडच्या एका वाडीत. भात, काजू, दारात हापूसची थोडी कलमं. मी नोकरीच्या निमित्ताने कणकवलीला आले, शाळेत शिकवता शिकवता तिथलीच झाले. धाकटा भाऊ दिनू गावात राहिला. डोंगर पाठीशी असल्यामुळे रानडुकरांचा ताप पहिल्यापासूनचा. म्हणून बाबांकडे शेतीसंरक्षणाचा परवाना होता आणि त्या परवान्यावर एक ठासणीची बंदूक होती. तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी ठासायची, मागच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा एक लोखंडी तुकडा असतो त्याच्यावर टोपी बसवायची आणि घोडा पाडायचा. त्या बंदुकीने कोणी वाघ मारला नाही. बाबा ती आभाळाकडे करून उडवायचे. दिवेलागणीच्या आधी एक बार झाला, की कुणग्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, शिरलेली डुकरं पलीकडच्या रानात पळायची. एवढंच तिचं काम.

पण त्या एका बारानंतरचा सोहळा मोठा होता. बाबा बंदूक घेऊन न्हाणीच्या पायरीवर बसायचे. आधी गज, म्हणजे दारू ठासायची सळई, आत सोडायचे, तो किती आत जातो त्यावर अंगठा धरायचे आणि मग बाहेरून नळीला लावून बघायचे, म्हणजे आत काही शिल्लक नाही याची खात्री. मग टोपी बसते ते भोक लाकडाच्या काडीने बंद करायचं आणि नळीत तोंडापर्यंत कढत पाणी. तांब्या धरायचं काम माझं. पाणी थोडा वेळ आत मुरू द्यायचं, मग काडी काढायची. तो वास तेव्हा सुटायचा. पुन्हा पाणी, पुन्हा वास. मग गजाला आईच्या जुन्या पातळाची चिंधी बांधून आतबाहेर. चिंधी पांढरीच लागायची. पहिली काळी यायची, नंतरच्या करड्या, मग जवळजवळ पांढरी. शेवटच्या चिंधीवर तांबूस छटा दिसली तर पुन्हा चुलीवर पाणी चढायचं आणि जेवणं लांबायची.

आई वैतागायची. "ह्या माणसान माका जन्मात कधी गरम पाण्याचो तांब्यो दिल्यान नाय, बंदुकीक मात्र रोज देता," असं ती शेजारणींना सांगायची, बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तिचं काही चुकत नव्हतं. हाच माणूस अंगणात पानाच्या पिंका टाकायचा, तोच सदरा चार चार दिवस घालायचा, पाय न धुता माजघरात यायचा. त्यांची सगळी स्वच्छता त्या एका नळीत जाऊन संपली होती.

खोबरेल सगळ्यांत शेवटी लागायचं, नळी उन्हात पूर्ण सुकल्यावर. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आमच्या मुलखात खोबरेलावर लोकांचा फार विश्वास. डोकं दुखलं, लावा खोबरेल. दार करकरलं, लावा खोबरेल. पोर रडतंय, सून फुगलीय, गाडीचं कुलूप अडलंय, बाटली तीच. त्यामुळे बंदूक उडवली, की तिच्या तोंडात चमचाभर खोबरेल ओतून ती भिंतीला टेकवून ठेवणारे महाभाग गावोगाव आहेत. बाबा म्हणायचे, घाण धुतली नाही आणि वर तेल घातलं, तर ती घाणीचीच बडदास्त झाली. दारूची काजळी हवेतलं पाणी ओढते. आमच्याकडे सकाळी तळलेला पापड दुपारी सादळतो, तिथे लोखंडाची काय कथा. तेलाखाली काजळी, काजळीखाली पाणी आणि पाण्याखाली गंज, असा तो संसार आत गुपचूप चालू राहतो आणि बाहेरून बंदूक छान तुकतुकीत दिसते.

मला माणसांतही हीच गोष्ट सहन होत नाही. पितळी समई बाहेरून चिंचेने घासलेली आणि आत मागच्या वर्षीची वात चिकटलेली. पाण्याच्या टाकीला बाहेरून रंग, झाकण उघडलं तर शेवाळ. शाळेत तपासणीच्या आदल्या दिवशी आम्ही भिंती रंगवायचो आणि मुतारीकडे कोणी फिरकायचं नाही. मी बोलले की सहकारी म्हणायच्या, बाईंना सगळीकडे घाणच दिसते. दिसते. काय करू?

बंदूक घ्यायला बाबा कोल्हापूरला गेले तेव्हा मला सोबत नेलं होतं. फोंडाघाटातून एसटी वर चढताना मला उलटी झाली आणि बाबांनी ती आपल्या टोपीत झेलली, एवढं त्या प्रवासातलं स्वच्छ आठवतं. दुकानदाराने आधी एक बंदूक काढली ती बघून मी हरखून गेले. दस्त्यावर वेलबुट्टी, चांदीसारखी पट्टी, नळी आरशासारखी. बाबांनी वेलबुट्टीकडे बघितलंच नाही. त्यांनी नळी दस्त्यातून सोडवून घेतली, सुतळीने टांगायला लावली आणि खिशातल्या घराच्या किल्लीने तिच्यावर हळूच टोला दिला. ठक्क. मग कोपऱ्यातली एक जुनी, ओरखडे पडलेली बंदूक मागितली, तिची नळी टांगली. तिचा आवाज दुकानभर घुमला आणि बराच वेळ राहिला. मी त्या वेलबुट्टीसाठी हट्ट धरला तेव्हा ते दुकानदारादेखत मला म्हणाले, "भायरसून काय बघतंस? नळी भितरसून बघूची असता." ती चकचकीत नळी म्हणजे पाण्याचा पाइप आहे, असंही त्यांनी दुकानदाराला सांगितलं. तो हसला आणि त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं.

पाइप काय असतो ते मला पुढे कळलं. आमच्या वाडीत सखाराम म्हणून एक होता, भजनात पखवाज वाजवायचा. त्याने कुठून तरी नवीकोरी, झगमगीत बंदूक आणली होती. धुणं वगैरे त्याला माहीत नव्हतं. असंच भात पिकलेलं असताना एका संध्याकाळी ती नळी मधोमध उसवली. डाव्या हाताने त्याने ती तिथेच धरली होती. त्याला टेंपोत घातलं तेव्हा तो हात पंच्यात गुंडाळलेला होता आणि पंचा पहिल्यापासून लाल होता की काय असं वाटत होतं. बोटं गेली. पुढे भजनात तो झांज घेऊन बसायचा, ती त्याला मनगटाशी बांधून द्यावी लागायची. बाबा दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेले आणि फुटलेली नळी बघून आले. मलाही त्यांनी तिच्या आतून बोट फिरवायला लावलं होतं. मोरी माशाच्या पाठीवरून उलटा हात फिरवावा तशी खरखरीत लागली. आत जागोजाग खळगे. अशा खळग्यात काजळी बसते, चिंधी अडकते, एखादी ठिणगीसुद्धा दडून राहते आणि प्रत्येक बाराबरोबर खळगा आणखी खोल जातो. बोट बाहेर काढलं तर त्याला तांबडी पूड लागली होती. मी ते किती तरी वेळ दगडावर घासत बसले.

बाबा गेल्यावर परवाना वारसाने दिनूच्या नावावर झाला. मला कोणी विचारलं नाही आणि मलाही कणकवलीच्या ब्लॉकमध्ये बंदूक घेऊन काय माकडं पळवायची होती? दिनू वाईट नाही. बहिणीला आंब्याची पेटी चुकवत नाही, बायकोवर हात उगारत नाही, गावात कोणाच्या अडीनडीला धावतो. पण त्याला बंदूक हवी होती ती मानासाठी. दसऱ्याला आमच्या देवळातून तरंगं बाहेर पडतात. तरंगं म्हणजे देवांचे उंच खांब, त्यांना लुगडी नेसवलेली असतात. ती उंबऱ्याबाहेर आली की पहिला बार आमच्या घराचा. हा मान कोणी, कधी, कशासाठी दिला ते कोणाला ठाऊक नाही, पण तो आमचा. बाबा त्याबद्दल कधी बोलल्याचं मला आठवत नाही. ते बार काढायचे, घरी येऊन न्हाणीच्या पायरीवर बसायचे, नळी धुऊन सुकवायचे आणि मग बंदूक पुन्हा पूजेच्या पाटावर ठेवायचे. देवीला सडक्या अंड्याचा वास कशाला, असं म्हणायचे.

दिनूने त्यात सुधारणा केली. नवमीला बंदुकीची पूजा झाली, की तिला फडकं लावायचं नाही. दसऱ्याला फुलं-हळदकुंकवासकट उचलायची, बार काढायचा आणि तशीच आणून पाटावर ठेवायची ती थेट दिवाळीपर्यंत. मी एकदा विचारलं की आता पाणी कधी, तर त्याने मला समजावलं. "पूजलेला हत्यार धुवचा नसता, ताय. लक्षुमी जाता."

"लक्षुमी जाता आणि गंज रवता, ह्यां बरां," मी म्हटलं. तो हसला. कणकवलीला राहून ताय देवधर्म विसरली, असं त्याने सुलभाला, म्हणजे त्याच्या बायकोला, सांगितलं. आणि माझ्या समाधानासाठी नळीत चमचाभर खोबरेल ओतलं.

असे दसरे किती गेले ते मी मोजत बसले नाही. प्रत्येक वर्षी फोनवर फोटो यायचा. दस्त्याला पॉलिश, पट्टीला पितांबरी, झेंडूची माळ, खाली हात जोडलेली चित्रं. ती तोंडाची बाजू फोटोत काळी गोल दिसायची आणि माझं लक्ष तिथेच जायचं. चांगली, घुमणारी नळी होती ती. बाबांच्या हातात तिने उभा जन्म काढला आणि आत बोट घातलं तर काचेसारखी गुळगुळीत होती. चांगलं लोखंड वाईट माणसाने बिघडवलं तर निदान शिव्या घालता येतात. इथे ते हळदकुंकू वाहून, उदबत्ती ओवाळून बिघडवलं जात होतं. आणि हे बघून मला जे व्हायचं त्याला राग म्हणत नाहीत. घशाशी येतं ते निराळं असतं.

दोन वर्षांमागचा तो हंगाम मला दर आश्विनात पुन्हा पुरता आठवतो. दसरा झाला आणि पाठोपाठ निवडणूक लागली. निवडणूक लागली की गावोगावच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, इथे ते सगळ्यांच्या अंगवळणी आहे. दिनूने बंदूक पाटावरून उचलली ती तशीच जमा करायला नेली. मी त्या दिवशी गावी होते, सोबत गेले. ठाण्याच्या एका खोलीत भिंतीला टेकवून बंदुका उभ्या होत्या, गळ्यात सुतळीने बांधलेल्या चिठ्ठ्या. किती तरी जणींच्या कपाळावर अजून दसऱ्याचं हळदकुंकू. आणि त्या बंद खोलीत तो वास. धुतल्यावर येतो तो मोकळा होऊन जातो. हा कोंडलेला, तेलकट, आंबट असा होता. मी पदर नाकाला लावला. तिथल्या माणसाने खिडकी गंजून बसलीय म्हणून दिलगिरी व्यक्त केली. खिडकीचा काय दोष, आणि ठाण्याचा तरी काय? आम्हीच सगळ्यांनी घरून घाण बांधून आणली होती.

मग ऐन कापणीच्या दिवसांत गावात एकही बार झाला नाही. डुकरांना निवडणूक कळत नसली तरी आवाज बंद झालेला कळतो. लवकर पिकणारं हळवं भात घरात आलं होतं, उशिराचं गरवं अजून शेतात उभं होतं. सुलभा रोज संध्याकाळी बांधावर उभी राहून डबा बडवायची. तिच्या तळहाताला फोड आले. एका सकाळी मी तिच्याबरोबर गेले तर डोंगराकडचा कुणगा गेलेला. डुकरं भात नुसतं खात नाहीत. लोळतात. लोंब्या चघळून चोथा थुंकून टाकतात. चिखलात त्यांच्या अंगाचे साचे, त्यात साचलेलं मूत, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या आणि मध्ये मध्ये दाण्यांनी भरलेली चार ताटं उभी. सुलभाने वाकून एक लोंबी उचलली आणि वास येताच परत टाकली. आता शेवटचा एकच कुणगा राहिला होता, विहिरीकडचा.

निकाल लागून बंदुका परत मिळाल्या त्या दिवशी दिनू उड्या मारत घरी आला. संध्याकाळी बार काढायचं ठरलं. मी म्हटलं, आधी धुवू. तो कुरकुरला. तोवर सुलभा न्हाणीतून बाहेर आली आणि पाणी तापलंय म्हणाली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मी बाबांच्या पायरीवर बसले. गज आत सोडून बघितला, नळी रिकामी होती. गजाला पांढरी चिंधी बांधली आणि आत घातली. ती अर्ध्यात अडकली. ओढली तर फाटली. दुसरी ओढून काढली तेव्हा तिच्याबरोबर जे आलं त्याला नाव नाही. खोबरेल, काजळी आणि गंज यांचा वर्षानुवर्षांचा मळलेला लगदा, काळपट तांबडा, तार सुटणारा. त्याचा खवट वास आधी आला आणि मग खालचा तो जुना. दिनू म्हणाला, बघ, तेल अजून आत आहे. खरोखर असं म्हणाला.

मागचं भोक काडीने बंद करून मी कढत पाणी ओतलं. नळी तोंडापर्यंत भरली. आम्ही तिघं बघत उभे. थोड्या वेळाने नळीच्या बुडाशी, बाहेरच्या बाजूला, जिथे दसऱ्याची हळद अजून चिकटलेली होती तिथे, ती हळद ओली झाली. मग एक थेंब जमला. दिनूने अंगठ्याने पुसला. पुन्हा जमला. त्याने पुन्हा पुसला, या वेळी जोराने. हळदीचा ओघळ दस्त्यावरून खाली माझ्या पायावर आला. बंदूक उडवताना आमच्या घरातले सगळे जिथे गाल टेकतात, त्याच्या समोरच ती जागा होती. सुलभा आत गेली, डबा घेऊन आली आणि विहिरीकडच्या कुणग्याकडे चालू लागली.

मला वाटलं, संपलं. नळी मेली, आता ती भिंतीवर राहील. पण माणसाचा मान असा थेंबाने वाहून जात नाही. गेल्या दसऱ्याला दिनूने देवळात सांगितलं की बंदूक दुरुस्तीला आहे, आणि बार खालच्या वाडीतल्यांनी काढला. त्या दिवशी तो जेवला नाही. यंदाही तसंच झालं तर मान कायमचा तिकडे जाईल, असं कोणी तरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं.

आणि या नवमीला फोटो आला. बंदूक काळीभोर, नव्याने रंगवलेली, माळ घातलेली. खाली लिहिलं होतं, उद्या बार आमचाच. मी लगेच फोन लावला. हायवेवर गेटा-ग्रिलांचं काम करणाऱ्याकडे जाऊन तो नळी बुजवून आला होता.

"वेल्डिंग मारून घेतलंय. आता पाणी येणा नाय."

"दिनू, पाणी थांबला म्हणान दारू थांबतली काय?"

आतले खळगे तसेच आहेत, बाहेरून लोखंड जाळून उलट आणखी कच्चं केलंस, सखारामचा हात आठव, हे सगळं मी बोलले. त्याने ऐकून घेतलं. मग सणाच्या दिवशी वंगाळ बोलू नको म्हणाला आणि फोन ठेवला. त्या काळ्या रंगाची मला जी ओकारी आली ती मी सांगू शकत नाही. गेटाला लावायचा ऑइलपेंट. बाबांच्या नळीला.

दसऱ्याच्या सकाळी पहिल्या एसटीने मी गावी गेले. दिनू देवळात तयारीला गेला होता. बंदूक पाटावर होती. उदबत्तीतूनसुद्धा रंगाचा उग्र वास येत होता आणि एका जागी तो नीट वाळलेलाही नव्हता, झेंडूची पाकळी चिकटली होती. वेल्डिंगचा उंचवटा हाताला लागत होता, वाईट भरलेल्या जखमेसारखा. सुलभा माझ्या मागे येऊन उभी राहिली. ही बाई सहसा बोलत नाही.

"जंय वेल्डिंग केल्यानी, थंयच गाल टेकतत ते, तायनू."

मी तिच्याकडे बघितलं. तिने देवघराच्या फळीवर हात घातला आणि बाबांची छोटी चावी माझ्यापुढे धरली. टोपी बसते तो तुकडा सोडवायची चावी. बाबांच्या पश्चात ती कोणी हातात घेतलेली नव्हती. ती कुठे आहे हे सुलभाला माहीत होतं आणि तिने ती आधीच पुसून ठेवली होती. पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नसतो. मी लावला. रंगाने तो तुकडा घट्ट बसला होता, दोनदा चावी निसटली, मग फिरला. भोकावर झेंडूचं फूल ठेवायला मी वाकले तेव्हा तिने माझा हात अडवला.

"फूल माका द्या. थंयच ठेवतंय."

तिने ते घोड्याखाली असं अडकवून ठेवलं की खालचं काही दिसेना. मग निरांजनातली वात सारखी केली आणि स्वयंपाकाला लागली. तो तुकडा मी रुमालात बांधून पर्समध्ये टाकला. दुपारी दिनू आला, अंघोळ करून पांढरा सदरा घातला आणि बंदूक फुलं-हळदकुंकवासकट उचलली. पुसून बघितली नाही. त्याच्याच नियमाप्रमाणे पुसायची नव्हती.

देवळासमोर माणसं मावत नव्हती. ढोल चालू होते. दिनू ठरल्या जागी उभा राहिला, मान ताठ. बाबांचं एक त्याने पाळलं होतं: दारू भरण्याआधी नुसती टोपी फोडून वाट मोकळी आहे का बघायची. त्याने खिशातून टोप्यांची डबी काढली, घोडा मागे ओढला, फूल बाजूला केलं. आणि टोपी चिमटीत धरून तो तसाच थांबला. बोटाने चाचपलं. पुन्हा चाचपलं. तेवढ्यात तरंगं उंबऱ्याबाहेर आली.

मला वाटलं होतं, आता ढोल थांबतील, लोक वळून बघतील, आमच्या घराचं नाव निघेल. तसलं काहीच झालं नाही. खालच्या वाडीच्या बाजूने कोणी तरी सुतळी बॉम्ब लावला. तो फुटला, लोकांनी हात जोडले, मोबाइल वर केले आणि तरंगं पुढे चालू लागली. ज्या मानापायी माझा भाऊ आपला गाल त्या सडक्या नळीला टेकवायला निघाला होता, तो मान एका फटाक्याने भागला, आणि फरक कोणाला कळलादेखील नाही. त्या क्षणी मला सगळ्याचीच किळस आली. रंगाची, फुलांची, ढोलांची, त्या आपल्या आपल्या मोबाइलमध्ये बघत पुढे सरकणाऱ्या गर्दीची.

सुलभा माझ्या शेजारी होती. तिने माझं मनगट धरलं, फोडांचे वण तिच्या तळहातावर अजून आहेत. गर्दी ओसरत गेली तसा दिनू एकटा दिसायला लागला, बंदूक आडवी हातात. त्याने बायकोकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. कळलं त्याला. बराच वेळ तो तसाच बघत राहिला, ताटात केस सापडल्यावर आपण बघतो तसा. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही, येईल असं वाटतही नाही. बघू दे त्याला तसं. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होते. दोन्ही शाबूत डोळ्यांकडे.